संततिनियमनाचीं साधनें : बाडांतील योगांपासून पंधरा पैशांच्या पुडीपर्यंत

वैद्यकाचीं जुनीं बाडें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस एक अनुभव हटकून आला असेल. ज्वर, अतिसार, मूळव्याध, विंचवाचा उतार, गुरांच्या खुरांवरील उपाय अशा क्रमानें पानें उलटीत असतां मध्येंच कोठें तरी, बहुधा समासांत किंवा पानाच्या तळाशीं, निराळ्या हातानें लिहिलेल्या चार-दोन ओळी आढळतात. मथळा 'गर्भ न राहावयास' असा असतो. कधीं नुसता 'स्त्रियांचें' एवढाच. पुढें दोन-तीन द्रव्यांचीं नांवें, अनुपान, आणि किती दिवस घ्यावें तो आंकडा. सूचिकार ह्या ओळींची नोंद सहसा करीत नाहींत. बाडाच्या मालकासहि त्या दाखविण्यांत संकोच वाटतो, आणि पुष्कळदां तें पानच शिवणींतून मोकळें झालेलें असतें.

ह्या दोषांत आम्हीहि भागीदार आहों, म्हणून तो प्रथम सांगितला पाहिजे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं नागपुरांत महालांतील एका वैद्यघराण्याकडील बाड नकलून घेण्याचा योग आम्हांस आला. शाळेंत संस्कृत शिकविणाऱ्या मनुष्यानें असल्या ओळी आपल्या अक्षरांत उतरावयाच्या कशा, ह्या संकोचानें एका पानावरील सात ओळी आम्हीं गाळल्या व त्या जागीं 'अनुपयुक्त' असा शेरा मारला. पुढें एका पावसाळ्यांत त्या घराची पडवी गळली आणि बाडाचा लगदा झाला. आज त्या बाडाची आमची नक्कल तेवढी शिल्लक आहे, आणि नेमक्या त्या सात ओळी तींत नाहींत.

प्रस्तुत लेखांत एकच प्रश्न घेतला आहे. ज्या कुटुंबाच्या हातीं पैसा नव्हता त्याच्या आवांक्यांत संततिनियमनाचीं साधनें कधीं होतीं काय. असल्यास कोणत्या काळीं, कोणत्या किंमतीस, आणि कोणाच्या हातून? साधनांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. किंमतीचा व पोंचीचा इतिहास मात्र विस्कळित राहिला, आणि त्याचीं कागदपत्रें आपल्याच संग्रहांतून गहाळ होत आहेत.

प्राचीन वाङ्मयांत ह्या विषयाचा स्पष्ट उल्लेख बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायांतील चौथ्या ब्राह्मणांत आहे. स्त्रीस गर्भ राहूं नये अशी इच्छा असल्यास पुरुषानें श्वासाची कोणती क्रिया करावी व कोणतें वचन उच्चारावें तें तेथें सांगितलें असून, लगेच पुढच्या कंडिकेंत गर्भ राहावा अशी इच्छा असल्यास काय करावें तें सांगितलें आहे. उपायाच्या गुणावगुणांशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. दोन्ही इच्छा उपनिषत्कारांनीं एकाच पंक्तीस बसविल्या, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. जो विषय पुढें एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत ओंगळ ठरला तो त्या काळीं आचार्यांनीं शिष्यांस सांगण्याजोगा मानला होता. तसेंच ह्या उपायास कवडीचाहि खर्च नाहीं. परंतु तो ज्याच्या मुखीं होता तो वेदाध्यायी पुरुष. ज्या स्त्रीच्या देहाचा प्रश्न, तिच्या हातीं ह्यांतील कांहींच नव्हतें.

चरक-सुश्रुतांचा मुख्य कटाक्ष गर्भधारणा व सुखप्रसूति ह्यांवर आहे. प्रतिबंधाचे योग उत्तरकालीन संग्रहग्रंथांत व कामशास्त्राच्या ग्रंथांत अधिक सांपडतात. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत पिंपळी, वावडिंग व टंकणखार हीं समभाग घेऊन त्यांचें चूर्ण ऋतुकालीं दुधाबरोबर घ्यावें असा योग आहे. महाराष्ट्रांतील वैद्यांच्या नित्य उपयोगांतला, व पुण्याच्या आनंदाश्रमानें छापलेला योगरत्नाकर उघडला, तर निंबाच्या लांकडाची धुरी, तेलांत भिजविलेला सैंधवाचा खडा, कांजींत वाटलेलीं जास्वंदीचीं फुलें व त्यांबरोबर जुना गूळ, असे योग दिसतात. लोदी वंशांतील लाडखानासाठीं कल्याणमल्लानें रचलेल्या अनंगरंगांतहि तीन वर्षांचा जुना गूळ पंधरा दिवस खाण्याचा उपाय सांगितला असून, त्यानें स्त्री जन्मभर वंध्या राहते असें वर म्हटलें आहे. गुळानें वंध्यत्व आलें असतें तर कोल्हापूर प्रांतांत एव्हांना मनुष्यवस्ती उरली नसती!

परंतु सगळेच योग असे हसण्यावारी नेण्याजोगे नाहींत. मिठाचा तीव्र द्रव शुक्रजंतूंस मारक असतो, व तेलानें त्यांची गति मंदावते. तेव्हां सैंधव व तेल हा योग ज्यानें प्रथम योजला तो निरीक्षक खास होता. नॉर्मन हाइम्स ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९३६ सालीं संततिप्रतिबंधाचा जो वैद्यकीय इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत भारतीय योगांचा परामर्श घेतांना त्यानें मिठाच्या योगाची विशेष दखल घेतली. निंबतेलाचा शुक्रजंतुनाशक गुण प्रयोगशाळांत दिसून आला आहे. जास्वंदीच्या फुलांवर प्राण्यांत प्रयोग झाले आहेत. पिप्पल्यादि योगाचीहि आधुनिक पद्धतीनें तपासणी झाली. तथापि शासकीय साधनांत त्यास स्थान मिळालेलें नाहीं. ह्या योगांचा उल्लेख आम्ही इतिहासाचें साधन म्हणून करीत आहों. कोणीं ते करून पाहूं नयेत. टंकणखार पोटांत जाण्याजोगी वस्तु नव्हे, आणि धुरीनें इजा होते.

आतां किंमतीकडे पाहूं. निंब दारांत, जास्वंद परसांत, मीठ व तेल चुलीपाशीं. पिंपळी, वावडिंग, टंकणखार हीं इतवारींतील कोणत्याहि काष्ठौषधीच्या दुकानांत पुडीनें मिळणारीं. भस्में किंवा केशर-कस्तुरी ह्यांत नाहींत. अर्थात् द्रव्यें स्वस्त होतीं. महाग होती ती त्यांची माहिती. ती संस्कृतांत होती, वैद्याच्या बाडांत होती, आणि वैद्यास असला प्रश्न विचारण्याची सोय गरीब स्त्रीस नव्हती. तिला जें कांहीं कळे तें सुइणीकडून. सुइणीनें बाड लिहिलें नाहीं. त्यामुळें तिला काय ठाऊक होतें हें आपल्यास वैद्यांच्या समासांतील 'निराळ्या हाताच्या' ओळींवरूनच ताडावें लागतें, आणि म्हणून त्या ओळींस आम्ही एवढें महत्त्व देतों.

संग्राहकांसाठीं एक सूचना येथेंच नमूद करितों. अशा ओळींत दोन भिन्न प्रकारचे योग एकमेकांत मिसळलेले असतात. ज्यांत 'ऋतौ', 'पुष्पिणी', 'त्र्यहम्' असे शब्द आहेत ते गर्भ राहण्यापूर्वींचे, म्हणजे प्रतिबंधाचे. ज्यांत 'पातन' किंवा 'स्राव' हे शब्द आहेत ते राहिलेला गर्भ पाडण्याचे, आणि त्यांतील द्रव्यें बहुधा जहाल असतात. नक्कल करणारे दोहोंस एकाच मथळ्याखालीं घालतात. पहिल्या प्रकारचें ज्ञान हातीं नसलें म्हणजे दुसऱ्या प्रकाराकडे वळावें लागतें, व तेथें स्त्रीचा प्राण पणास लागतो. बाडाची सूची करतांना हा भेद स्पष्ट लिहिला, तर कोणत्या प्रदेशांत व कोणत्या काळीं कोणत्या प्रकाराची विचारणा अधिक होती हें कळूं शकेल.

ही माहिती संस्कृताच्या व संकोचाच्या कोंडींतून काढून मराठींत उघड मांडण्याचें काम रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं केलें. महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचे ते ज्येष्ठ पुत्र. जन्म मुरूड येथें, १४ जानेवारी १८८२ रोजीं. त्यांची आई राधाबाई १८९१ सालीं प्रसूतींत वारली, तेव्हां ते नऊ वर्षांचे होते. गणिताचे अध्यापक असलेल्या ह्या गृहस्थांनीं १९२१ सालीं मुंबईंत राइट एजन्सी ह्या नांवानें संततिनियमनाचा सल्ला देणारें व साधनें पुरविणारें केंद्र काढलें. भारतांतील अशा प्रकारचें तें पहिलें केंद्र समजतात. त्याच वर्षीं, १७ मार्च रोजीं, लंडनमध्यें मेरी स्टोप्स ह्यांनीं आपला पहिला दवाखाना उघडला होता. म्हणजे ह्या कामांत मुंबई लंडनच्या मागें नव्हती. १९२३ सालीं कर्व्यांचें 'संततिनियमन' हें पुस्तक निघालें. १९२५ सालीं विल्सन कॉलेजांतील त्यांची नोकरी ह्या प्रचारापायीं गेली. १५ जुलै १९२७ पासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक सुरू केलें आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं मृत्यु येईपर्यंत, पत्नी मालतीबाई ह्यांच्या साथीनें, पदरमोड करून चालविलें.

त्या काळीं आपल्याकडे साधनें विकणें हा गुन्हा नव्हता. त्यांविषयीं उघड लिहिलें म्हणजे दंडसंहितेच्या अश्लीलतेच्या कलमाखालीं पकडतां येई. १९३१ सालीं कर्व्यांस शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालच्या दुसऱ्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं मांडली, तथापि निकाल विरुद्ध जाऊन दोनशे रुपये दंड झाला. स्वतःच्या खर्चानें मासिक चालविणाऱ्या मनुष्यास ही रक्कम लहान नव्हे. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें मात्र कर्व्यांच्या कार्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. बाडांत माहिती महाग व द्रव्य स्वस्त होतें. कर्व्यांनीं माहिती स्वस्त केली, पण द्रव्य महाग झालें. रबराचीं साधनें परदेशांतून येत. तीं व मासिकाची वर्गणी पांढरपेशा वाचकास कशीबशी झेपत. गिरणींतील मजुराच्या बायकोस तीं कोठून परवडणार, आणि मासिक तरी तिला कोठून वाचतां येणार? कर्व्यांस ह्याची जाणीव नव्हती असें नाहीं. एकट्या मनुष्याच्या दुकानास जें साधेल तें त्यांनीं साधलें.

संस्थानांत व परिषदांत ह्या विषयास त्या काळीं वाट मिळूं लागली होती. म्हैसूर सरकारनें १९३० सालीं सरकारी इस्पितळांत असे दवाखाने उघडण्याचा हुकूम काढला. प्रा. ना. सी. फडके ह्यांचें भारतांतील लैंगिक प्रश्नावरील इंग्रजी पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें, व त्यास प्रस्तावना होती अमेरिकेच्या मार्गारेट सँगर ह्यांची. ह्याच सँगरबाई १९३५ च्या डिसेंबरांत आमच्या नागपुराच्या दाराशीं, वर्ध्यास, आल्या. आणि तेथें जो संवाद झाला तो आमच्या मतें ह्या विषयाच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण आहे.

सँगरबाई मूळच्या परिचारिका. न्यूयॉर्कमधील मजुरांच्या वस्तींत काम करतां करतां त्या ह्या प्रश्नाकडे वळल्या. १९१६ सालीं त्यांनीं ब्रुकलिनमध्यें काढलेला दवाखाना दहाच दिवसांत पोलिसांनीं बंद केला आणि त्यांस तीस दिवसांची कैद झाली. त्या वर्ध्यास आल्या तेव्हां गांधीजींचा मुक्काम मगनवाडींत होता. येण्याचा दिवस, २ डिसेंबर, हा सोमवार, म्हणजे गांधीजींच्या मौनाचा. पुढील दोन दिवसांत संभाषण झालें व तें महादेवभाई देसाई ह्यांनीं टिपून १९३६ च्या जानेवारींत 'हरिजन' पत्रांत छापलें.

गांधीजींचें म्हणणें असें कीं, स्त्रियांस साधन देऊं नये. नवऱ्यास नाहीं म्हणण्याचें बळ द्यावें. संतति हवी असेल तेव्हांच संग, एरवीं संयम. सँगरबाईंनीं विचारलें तें व्यवहाराचें: दोन-तीन मुलांनंतर पुढचीं सगळीं वर्षें नवराबायकोंनीं असें राहावें हें सामान्य माणसांस शक्य आहे काय? दोघांसहि स्त्रीची दया होती, आणि दोघांचाहि एकमेकांच्या उपायावर विश्वास नव्हता. शेवटीं गांधीजींनीं एका गोष्टीस किंचित् सूट दिली. महिन्यांतील गर्भ राहण्याजोगे दिवस टाळून संग करणें हें त्यांस इतर साधनांएवढें अप्रिय वाटलें नाहीं, कारण त्यांत थोडा तरी संयम आहे. हें वाक्य लहान आहे, पण त्याचे परिणाम पुढें पंधरा-वीस वर्षें दिसले; ते खालीं येतीलच.

सँगरबाई व त्यांच्या सहकारी ईडिथ हाउ-मार्टिन ह्यांनीं ह्या दौऱ्यांत गरीब स्त्रियांसाठीं फेंस येणारी एक भुकटी व ओला स्पंज हें स्वस्त साधन पुढें केलें. रबराच्या साधनास डॉक्टरची तपासणी लागे, भुकटीस लागत नसे. स्वयंपाकघरांतील मीठ व तेल आणि ही भुकटी ह्यांमागील कल्पना एकच. योगरत्नाकर त्या बाईंनीं वाचला असण्याचा संभव नाहीं. गरज सारखी असली म्हणजे बुद्धि सारखी चालते. वर्ध्याहून पुढें त्या त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेस गेल्या व तेथें संततिनियमनास अनुकूल ठराव झाला. ह्याच परिषदेचें अधिवेशन १९३७ च्या डिसेंबरांत नागपुरास भरलें. ह्या अधिवेशनांचे छापील वृत्तांत ज्यांच्याकडे असतील त्यांनीं ते जपून ठेवावे.

ह्यानंतर प्रश्न सरकारी तिजोरीपर्यंत पोंचला तो मुंबईच्या विधानसभेंत. १० नोव्हेंबर १९३८ रोजीं स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पां. जा. रोहम ह्यांनीं एक बिनसरकारी ठराव मांडला. सरकारनें सामान्य जनतेंत संततिनियमनाचा जोराचा प्रचार करावा व त्यासाठीं पुरेशा सोयी कराव्या, असा त्याचा आशय. भाषण डॉ. आंबेडकरांनीं तयार केलेलें होतें; त्या दिवशीं ते स्वतः सभागृहांत नव्हते. तें आज महाराष्ट्र शासनानें प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनसंग्रहाच्या दुसऱ्या खंडांत वाचावयास मिळतें. वारंवार येणाऱ्या बाळंतपणांनीं होणारे मृत्यु, मुलांची उपासमार, आणि संयमाच्या उपदेशाची निष्फळता ह्यांचा ऊहापोह त्यांत आहे. प्रसूतीच्या वेदना पुरुषांस भोगाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मूल कोणीं पत्करलें नसतें, असाहि एक सडेतोड मुद्दा आहे. ठरावाच्या बाजूनें ११ मतें पडलीं, विरुद्ध ५२. आमच्या दृष्टीनें ठरावांतील 'सोयी' हा शब्द महत्त्वाचा. माहिती व द्रव्य हीं दोन्ही एकदम गरिबाच्या हातीं देण्याची जबाबदारी राज्यावर टाकण्याचा महाराष्ट्रांतील हा पहिला ठळक प्रयत्न होय.

चार वर्षांनीं हाच विषय नागपुरांत निघाला, आणि ह्या वेळीं तो स्त्रियांच्या तोंडून. २० जुलै १९४२ रोजीं येथें अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, आणि गिरण्या, विड्यांचे कारखाने व नगरपालिकेचें सफाईकाम ह्यांत राबणाऱ्या बायका ह्या शहरांत हजारोंनीं होत्या. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मध्यप्रांतांत १९३० सालीं झाला होता, मुंबईच्या मागोमाग एका वर्षानें. पण तो बाळंतपण आल्यानंतरचा. येऊं न देण्याचें काय, हा प्रश्न उरलाच होता. परिषदेनें घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वास बंदी, मजूर स्त्रियांस पगारी रजा, निवृत्तिवेतन, गिरण्यांत स्त्री-देखरेखकार ह्या मागण्या केल्या. सुलोचनाबाईंनीं अध्यक्षपदावरून संततिनियमनाचा विषय उघडपणें मांडला. शिकल्यासवरल्या घरांतल्या बायका ज्याचें नांव काढीत नसत तो विषय, मजूर बायकांच्या समुदायापुढें, ध्वनिक्षेपकावरून! डॉ. आंबेडकरांनींहि त्या परिषदेंत स्त्रियांस सांगितलें कीं लग्नाची घाई करूं नये, व फार मुलें होऊं देणें हा गुन्हा समजावा.

ह्या परिषदेच्या इतिहासाकडे फार उशिरां लक्ष गेलें. उर्मिला पवार व मीनाक्षी मून ह्यांनीं 'आम्हीही इतिहास घडवला' ह्या ग्रंथांत दलित स्त्रियांच्या मुलाखती व कागदपत्रें मिळवून तो उजेडांत आणला. आपल्या शहराच्या संशोधनवर्गानें तें काम पूर्वींच करावयास हवें होतें. भोसल्यांच्या दप्तरांतील एकेका सनदेवर आम्हीं पानेंच्या पानें लिहिलीं, आणि डोळ्यांदेखत झालेल्या परिषदेचीं हस्तपत्रकें रद्दींत गेलीं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेंत कुटुंबनियोजनासाठीं ६५ लक्ष रुपये राखून ठेवण्यांत आले. तथापि आरोग्यमंत्री होत्या राजकुमारी अमृत कौर, गांधीजींच्या निकटच्या. वर्ध्याच्या संवादांतील ती किंचित् सूट येथें धोरण होऊन बसली. त्यांच्या निमंत्रणावरून जागतिक आरोग्य संघटनेनें डॉ. एब्रहॅम स्टोन ह्यांस पाठविलें, आणि दिवस मोजण्याच्या पद्धतीचे प्रयोग म्हैसूरमधील रामनगर व दिल्लींतील लोदी वसाहत येथें झाले. अक्षरशत्रु स्त्रीस दिवस मोजतां यावे म्हणून लाल-हिरव्या मण्यांची माळ देण्यांत आली. रोज एक मणी सरकवावयाचा, हिरवा आला म्हणजे निर्धोक. साधन फुकट, कल्पना गोंडस, अनुभव निराशेचा. पाळीचे दिवस सर्वांचे सारखे नसतात, माळ विसरते, मुलें ओढतात, आणि घरधनी मणी पाहून वागत नाहीं. कांहीं बायकांस तर माळेंतच कांहीं शक्ति आहे असें वाटलें, अशा हकीकती सांगतात. मंत्राकडून निघालेला प्रवास पुन्हां ताइतापाशीं आला म्हणावयाचा.

खरा फरक पडला तो १९६८ सालीं, किंमतीमुळें. सरकारनें 'निरोध' ह्या नांवानें रबरी साधनें तीन नगांस पंधरा पैसे ह्या दरानें विकावयास काढलीं. तूट सरकारनें सोसली. चहा, साबण, विड्या-सिगारेटी व बॅटऱ्या खेडोपाडीं पोंचविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं आपल्या मालाबरोबर तीं किराणा दुकानांत नेऊन ठेवलीं. आरंभीं माल परदेशांतून आणला. पुढें त्रिवेंद्रम येथील सरकारी हिंदुस्थान लॅटेक्स कारखाना तो बनवूं लागला. औषधाच्या दुकानांत शिरण्याचा संकोच किराणा दुकानानें घालविला, ही ह्या योजनेंतील खरी युक्ति. नांवाविषयीं संस्कृतज्ञास दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. पतंजलींनीं योगाची व्याख्या करतांना दुसऱ्याच सूत्रांत जो शब्द चित्तवृत्तींस लावला, तो सरकारनें पंधरा पैशांच्या पुडीवर छापला. अर्थास बाध येत नाहीं. आणि पतंजलींच्या शब्दाचा एवढा प्रसार दुसऱ्या कोणीं केल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. गोळीस 'माला', पुढें लखनौच्या प्रयोगशाळेंत निघालेल्या आठवड्याच्या गोळीस 'सहेली' व मग 'छाया', तीन महिन्यांच्या सुईस 'अंतरा', हीं नांवें ठेवणाराहि कोणी रसिकच असावा.

मधला १९७५ ते १९७७ चा काळ थोडक्यांत आटोपतों. १९७६-७७ ह्या एका वर्षांत देशांत ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळानें १९७६ सालीं सक्तीच्या नसबंदीचें विधेयक संमत केलें. त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाहीं, म्हणून तें अमलांत आलें नाहीं. १९३८ च्या ठरावांत सोय मागितली होती. येथें सक्ती आली. गरिबास साधन मिळावें असें म्हणणारा आणि गरिबावर साधन चालवावें असें म्हणणारा हे एकच नव्हेत, आणि रोहमांचा ठराव व हें विधेयक एका माळेंत ओंवणाऱ्या लेखकांशीं आमचा मतभेद आहे. ह्या सक्तीचा एक परिणाम असा झाला कीं, पुरुषांनीं शस्त्रक्रियेकडे पाठ फिरविली ती कायमची. २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील प्रजननवयांतल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारें निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांचें प्रमाण शेंकडा एकहि भरत नाहीं.

किंमतीचा प्रश्न आज कागदावर सुटला आहे. सरकारी दवाखान्यांत तांबी, 'माला-एन्', 'छाया', 'अंतरा' हीं फुकट मिळतात. २०११ सालीं सुरू झालेल्या योजनेंत आशा सेविकांनीं साधनें घरपोंच द्यावयाचीं ठरलें, तेव्हां तीन निरोधांची पुडी एक रुपयास, महिन्याच्या गोळ्या एक रुपयास, व आणीबाणीची गोळी दोन रुपयांस असे दर होते. पंधरा पैशांपासून रुपयापर्यंत त्रेचाळीस वर्षांत झालेली ही वाढ अन्य कोणत्याहि जिनसेच्या मानानें नगण्य होय. परंतु दवाखान्यापर्यंत जाण्याचें एस्. टी. चें भाडें, बुडालेली रोजी, आणि घरांतून निघतांना काय सांगावयाचें ही अडचण, ह्यांची किंमत कोणत्याच दरपत्रकांत छापलेली नसते. आशा सेविका दारीं येते हें म्हणूनच मोलाचें. सुइणीच्या जागीं आतां पिशवी घेतलेली व नोंदवही ठेवणारी बाई आली आहे. सुइणीनें बाड लिहिलें नाहीं, हिनें लिहिलें आहे. त्या नोंदवह्यांतील व्यक्तिगत मजकूर अर्थातच खासगी आहे व तसाच राहिला पाहिजे. पण त्यांचे कोरे नमुने, छापील दरपत्रकें व सूचनापत्रकें जपण्यास कांहींच हरकत नाहीं.

संग्राहकांकडे आमची मागणी एवढीच आहे. 'समाजस्वास्थ्या'चे सुटे अंक, विशेषतः मुखपृष्ठासह व जाहिरातींच्या पानांसह; जाहिरातींचीं पानें फाडून बांधलेल्या फायली किंमतीच्या अभ्यासास निरुपयोगी. १९४२ च्या नागपूर परिषदेचें कोणतेंहि हस्तपत्रक अथवा छायाचित्र. १९५२ च्या सुमारची मण्यांची माळ कोणाच्या घरीं पडून असल्यास तिचें वर्णन, मण्यांची संख्या व रंग. उलट्या लाल त्रिकोणाचीं भित्तिपत्रकें, निरोधाचें जुनें पाकीट, त्यावरील छापील दर. आणि वैद्यकाच्या बाडांतील त्या समासांतल्या ओळी, जशाच्या तशा, हस्ताक्षराच्या वर्णनासह. अर्थ लागो वा न लागो.

आमच्या नकलेंतील 'अनुपयुक्त' हा शेरा आम्हीं खोडला असून तेथें 'मूळ सात ओळी नकलकारानें गाळल्या. मूळ बाड नष्ट' असें लिहिलें आहे. त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे ह्या बाडाची आणखी एखादी प्रत असण्याचा संभव आहे. ती कोणाच्या पाहण्यांत आल्यास कृपा करून मंडळाच्या पत्त्यावर कळवावें.